जुन्या यंत्राचा ड्रायव्हर संगणकातून समूळ काढणे



प्राथमिक शाळेच्या दप्तरात दाखलखारीज नोंदवहीइतके मोलाचे दुसरे पुस्तक नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी कुटुंबातील मुलाला जातवैधता प्रमाणपत्र काढावयाचे झाले, की आजोबा-पणजोबांच्या शाळाप्रवेशाची नोंद शोधावी लागते. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद मिळाली तर तिचे वजन विशेष असते, आणि ती नोंद पुष्कळदा गावच्या शाळेतील जीर्ण वहीतच सापडते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही राज्यभर शाळांची जुनी दप्तरे उघडली गेली. काही पाने मोडी लिपीत होती, काहींचा कागद हात लावताच तुटत होता. अशा वहीची पाने एकदा स्कॅनरवर घेऊन संगणकात जपून ठेवली, म्हणजे मूळ वही वारंवार हाताळावी लागत नाही. पुष्कळ शिक्षकांनी हे काम हौसेने अंगावर घेतले आहे.

या कामात एक अडचण हटकून येते. शाळेचा जुना स्कॅनर बिघडतो, लोकवर्गणीतून किंवा कोणाच्या देणगीतून नवा येतो. परंतु नवा जोडला तरी संगणक जुन्याचेच नाव दाखवीत राहतो आणि 'स्कॅनर सापडत नाही' असे सांगतो. छपाईयंत्राच्या बाबतीतही तेच. जुने छपाईयंत्र भंगारात गेलेले असते, पण छापण्याचा हुकूम दिला की कागद त्याच अदृश्य यंत्राकडे रवाना होतो आणि नवे यंत्र बाजूला स्वस्थ बसून राहते. मग संगणक पिशवीत घालून नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारी नेला जातो. तेथील कारागीर घाईत असतो. त्याचा सल्ला ठरलेला, "सगळे फॉरमॅट करून टाकू." फॉरमॅट केल्याने अडचण दूर होते हे खरे; परंतु संगणकात साठविलेली नोंदवहीची पाने, निकालपत्रके, मुलांच्या हस्तलिखिताची छायाचित्रे यांची दुसरी प्रत नसेल तर तीही त्याबरोबर जातात. उंदराला घालविण्यासाठी घर जाळण्याचाच हा प्रकार होय. वस्तुतः जुन्या यंत्राचा ड्रायव्हर समूळ काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते शाळेतच करता येते.

ड्रायव्हर या शब्दाने थोडा घोटाळा होतो. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी चालवितो आणि गाडी आगारात लावून घरी जातो. संगणकातील ड्रायव्हर हा गाडीवान नव्हे, तो दुभाष्या आहे. संगणकाची मूळ प्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, एक भाषा बोलते. स्कॅनर, छपाईयंत्र, प्रोजेक्टर ही यंत्रे आपापली निराळी भाषा बोलतात. दोघांमध्ये बोलणी करून देणारा छोटा कार्यक्रम तो ड्रायव्हर. पूर्वी डॉसच्या काळात प्रत्येक लेखन-कार्यक्रमाला छपाईयंत्राचा स्वतःचा दुभाष्या बाळगावा लागे. पुढे विंडोजने तो सर्वांसाठी एकच ठेवण्याची सोय केली. १९९५ च्या विंडोजपासून यंत्र जोडताच ते ओळखून दुभाष्या आपण होऊन कामाला लावण्याची पद्धत रूढ झाली. ही सोय मोठी, पण तिचीच दुसरी बाजू अशी की दुभाष्या कधी आला, कोठे बसला, हे वापरणाऱ्याला कळतच नाही; आणि यंत्र काढून नेल्यावर तो आपण होऊन जातही नाही.

तो का जात नाही? विद्यार्थी गाव सोडून गेला, पण दाखला नेला नाही, तर त्याचे नाव पटावर राहते. आज ना उद्या तो परत येईल असे धरून शिक्षक नाव ठेवतात. संगणकही तसेच करतो. आज सोडविलेला स्कॅनर उद्या पुन्हा जोडला तर सारी ओळख नव्याने करून घ्यावी लागू नये, म्हणून तो नाव राखून ठेवतो. यात गैर काही नाही. नाणेघाटातील लेणे ज्यांनी मुलांना दाखविले असेल त्यांना हे चटकन उमगेल. तेथे सातवाहनांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या, पण वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावे आजही वाचता येतात. नावे उरली म्हणून इतिहासकारांचा फार मोठा लाभ झाला. संगणकाच्या बाबतीत मात्र यंत्रावाचून उरलेल्या नावाचा उपद्रवच अधिक.

हे अवशेष एकाच जागी नसतात, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. यंत्राबरोबर आलेला कंपनीचा कार्यक्रम एका ठिकाणी असतो. यंत्राचे नाव यंत्रांच्या यादीत, म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये, राहते. छपाईयंत्राचा ड्रायव्हर छपाईच्या वेगळ्या यादीत असतो. आणि या सर्वांच्या मुळाशी ड्रायव्हरच्या फायलींचा मूळ गठ्ठा 'ड्रायव्हर स्टोअर' नावाच्या कोठारात जपलेला असतो. हे कोठार २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून आहे. वरची नावे पुसली पण कोठारातील गठ्ठा तसाच राहिला, तर यंत्र किंवा त्याचा एखादा भाईबंद जोडताच विंडोज तोच जुना गठ्ठा उघडून पुन्हा पहिल्यासारखे करते. 'काढला तरी परत येतो' ही शिक्षकांची नेहमीची तक्रार यातूनच उद्भवते. तण कापले, मुळी राहिली, असे हे आहे.

राहिला तर राहिला, बिघडले काय, असे कोणी विचारील. अडचण केवळ गैरसोयीची असती तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. पुष्कळसे ड्रायव्हर संगणकाच्या अंतर्गृहात, साध्या कार्यक्रमांना जेथे प्रवेश नाही अशा जागी, काम करतात. तेथे एक चूक झाली की सारा संगणक बंद पडतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कार्यक्रमाच्या अशाच अंतर्गृहातील ड्रायव्हरने एक सदोष फाईल वाचली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एकाएकी निळा पडदा दाखवून थांबले. आपल्याकडील विमानतळांवर हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. दुसरे उदाहरण शाळेला अधिक जवळचे आहे. एचपी, सॅमसंग व झेरॉक्स यांच्या शेकडो नमुन्यांच्या छपाईयंत्रांबरोबर येणाऱ्या एका ड्रायव्हरमध्ये २००५ पासून एक उणीव होती. ती २०२१ साली, म्हणजे १६ वर्षांनी, उघडकीस आली. त्या उणिवेमुळे साध्या वापरकर्त्याला, किंवा त्याच्या नावाने शिरलेल्या घातक कार्यक्रमाला, संगणकाचा पूर्ण ताबा मिळू शकत होता. विशेष हे की छपाईयंत्र जोडलेले नसले तरीही तो ड्रायव्हर संगणक सुरू होताच जागा होत असे. कंपनीने दुरुस्ती उपलब्ध केली. पण ज्याने यंत्र केव्हाच टाकून दिले तो दुरुस्ती कशाला शोधणार? ज्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक आहेत, त्यात असा बेवारस दुभाष्या बसू देणे बरे नव्हे.

आता प्रत्यक्ष काम. ते करण्यापूर्वी तयारी करावी, कारण पश्चिम पट्ट्यात वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसतो आणि अर्धवट स्थितीत संगणक अडकला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहावी लागते. पहिली गोष्ट, शाळेच्या सर्व फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ही प्रत घेतल्यावाचून पुढे एक पाऊलही टाकू नये. दुसरी गोष्ट, नव्या यंत्राचा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून आधीच उतरवून ठेवावा. तो उतरविताना आपले विंडोज कोणते व ते ३२ बिटचे की ६४ बिटचे हे पाहावे. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजला चालत नाही, आणि जुन्या यंत्राबरोबरच्या तबकडीवर अनेकदा तेवढाच असतो. तिसरी गोष्ट, यंत्राचे पूर्ण नाव व नमुना क्रमांक वहीत लिहावा. चौथी, 'सिस्टिम रिस्टोअर'मध्ये परतीचा टप्पा निर्माण करावा. त्यानंतर इंटरनेट तोडावे आणि जुने यंत्र तारेसह सोडवावे. इंटरनेट चालू राहिले तर विंडोज एका हाताने काढलेला ड्रायव्हर दुसऱ्या हाताने आणून बसविण्याचा संभव असतो.

क्रम वरून खाली, म्हणजे सोप्याकडून मुळाकडे, असावा. प्रथम सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत जाऊन जुन्या यंत्राच्या कंपनीचा कार्यक्रम शोधावा व 'अनइन्स्टॉल' करावा. पुष्कळ वेळा कंपनीच्या या सोयीनेच तीनचतुर्थांश काम होते. स्कॅनरच्या बाबतीत तर ही पायरी टाळूच नये. कारण ट्वेन नावाच्या पद्धतीने चालणारे स्कॅनर आपली एक फाईल विंडोजमधील ट्वेनच्या स्वतंत्र फोल्डरात ठेवतात, आणि स्कॅन करण्याच्या कार्यक्रमात जुने नाव जे दिसत राहते ते या फाईलीमुळे. ती कंपनीच्या कार्यक्रमाबरोबरच नीट निघते.

यंत्र छपाईचे असेल तर 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जाऊन त्याचे नाव 'रिमूव्ह' करावे. एकच यंत्र निरनिराळ्या छिद्रांत जोडले गेले असल्यास तेच नाव पुढे 'कॉपी १' असे लागून दोनतीनदा दिसते. ती सर्व काढावीत. परंतु एवढ्याने ड्रायव्हर जात नाही. विंडोजची कळ व आर ही कळ एकत्र दाबावी, येणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांनी पी-आर-आय-एन-टी-यू-आय असा शब्द, मग जागा सोडून तिरपी रेघ व एस, पुन्हा जागा सोडून तिरपी रेघ, टी व २ असे लिहावे. छपाईच्या ड्रायव्हरांची यादी उघडते. जुने नाव निवडून 'रिमूव्ह' म्हटले की दोन पर्याय येतात. त्यांपैकी 'ड्रायव्हर व ड्रायव्हर पॅकेज दोन्ही काढा' अशा अर्थाचा दुसरा पर्याय घ्यावा. 'ड्रायव्हर वापरात आहे' असा नकार आल्यास घाबरू नये. कोठे तरी छपाईचे जुने काम रांगेत अडकलेले असते. 'सर्व्हिसेस'मधील 'प्रिंट स्पूलर' थांबवून पुन्हा सुरू करावा व लगेच काढण्याचा प्रयत्न करावा.

यानंतर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. विंडोजची कळ व एक्स ही कळ दाबली की येणाऱ्या यादीत तो सापडतो. वरच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' हा पर्याय निवडावा. आता जी नावे फिकट रंगात दिसतील ती पटावर आहेत, पण वर्गात नाहीत. विंडोज ७ मध्ये मात्र एवढ्याने सोडविलेली यंत्रे दिसत नाहीत, तेथे निराळी सूचना आधी द्यावी लागते. स्कॅनर 'इमेजिंग डिव्हायसेस'खाली शोधावा. नावावर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडावे आणि येणाऱ्या चौकटीत ड्रायव्हरही काढण्याविषयीचा जो छोटा चौकोन असतो त्यावर खूण करावी. घाईत हा चौकोन नजरेआड होतो व नाव जाऊन मुळी राहते. फिकट दिसणारी सगळीच नावे पुसण्याचा मोह काहींना होतो, तोही आवरावा. त्यात शाळेचा प्रोजेक्टर, गेल्या महिन्यात जोडलेला पेन ड्राइव्ह आणि प्रणालीच्या स्वतःच्या गोष्टीही असतात. ज्याचे नाव वहीत लिहिले आहे तेवढेच काढावे.

शेवटी कोठार. 'कमांड प्रॉम्प्ट' प्रशासक म्हणून उघडून पी-एन-पी-यू-टी-आय-एल हा शब्द लिहावा, जागा सोडून तिरपी रेघ, मग ई-एन-यू-एम, जोडरेघ व अनेकवचनी 'ड्रायव्हर्स'. बाहेरून आलेल्या सर्व गठ्ठ्यांची यादी पडद्यावर येते. विंडोजचे स्वतःचे ड्रायव्हर त्यात नसतात, हे एका परीने बरेच. प्रत्येक गठ्ठ्याला 'ओईएम' या अक्षरांपुढे एक अंक व 'डॉट आयएनएफ' असे नाव असते. त्याखाली मूळ नाव, देणाऱ्या कंपनीचे नाव, यंत्राचा वर्ग, तारीख व आवृत्ती. तारखेत महिना आधी व दिवस नंतर असतो, आणि ती ड्रायव्हर तयार झाल्याची तारीख होय, शाळेत बसविल्याची नव्हे. कंपनीचे नाव व वर्ग दोन्ही जुळले तरच तो आपला गठ्ठा समजावा. हा अंक प्रत्येक संगणकात निराळा असतो. शेजारच्या शाळेतील शिक्षकाने दूरध्वनीवरून सांगितलेला अंक जसाच्या तसा वापरला, तर स्कॅनरऐवजी पडद्याचा किंवा इंटरनेटचा ड्रायव्हर निघून जाईल.

काढण्यापूर्वी गठ्ठ्याची प्रत घेण्याची सोयही याच आज्ञेत आहे. डी ड्राइव्हवर रिकामे फोल्डर करावे, आणि तिरप्या रेघेपुढे 'एक्सपोर्ट-ड्रायव्हर', मग गठ्ठ्याचे नाव व फोल्डरचा पत्ता असे लिहावे. विंडोज १० व ११ मध्ये हे चालते. प्रत झाली की 'एक्सपोर्ट'च्या जागी 'डिलीट' लिहून गठ्ठ्याचे नाव द्यावे. गठ्ठा दुसरे एखादे यंत्र वापरीत असेल तर विंडोज नकार देते. येथे जोर लावण्याची आणखी एक आज्ञा आहे व जाणकार मंडळी ती सर्रास सुचवितात. शाळेच्या संगणकावर ती वापरू नये. विंडोजचा नकार ही अडवणूक नव्हे, सूचना आहे. कोणते यंत्र तो गठ्ठा वापरते आहे ते आधी पाहावे.

संगणक पुन्हा सुरू करून यादी परत पाहावी. जुने नाव कोठेही नसेल तर काम पुरे झाले. मग नव्या यंत्राचा ड्रायव्हर बसवावा. त्याच्या पुस्तिकेत तार केव्हा जोडावी हे सांगितलेले असते, ते पाळावे. बहुधा ड्रायव्हर आधी व तार मागाहून, असा क्रम असतो. इंटरनेट सर्वांत शेवटी जोडावे.

पडद्याच्या ड्रायव्हरची गोष्ट थोडी निराळी. तो काढताना पडदा चालू ठेवणेही भाग असते. शिफ्टची कळ दाबून धरून 'रिस्टार्ट' केले की जे पर्याय येतात त्यांतून 'सेफ मोड'मध्ये जावे. तेथे विंडोज आपल्या साध्या ड्रायव्हरवर चालते व जुना विनातक्रार निघतो. वर सांगितलेल्या २०२४ च्या गोंधळातही हजारो संगणक याच मार्गाने, एक फाईल पुसून, पूर्ववत करावे लागले.

आणखी एक जुना पाहुणा पुष्कळ शाळांत व कार्यालयांत सापडतो. युनिकोडपूर्वीच्या काळात मराठी अक्षरलेखनाचे जे विकत घेतलेले कार्यक्रम होते, त्यांपैकी काहींबरोबर चोरी टाळण्यासाठी एक छोटे यंत्ररूपी कुलूप संगणकाला लावावे लागे. कार्यक्रम वापरातून गेला, कुलूप हरवले, पण त्याचा ड्रायव्हर आत राहिला, असे घडते. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' नावाचे संरक्षण आहे; ते चालू करू जाता विंडोज नकार देते व न जुळणाऱ्या ड्रायव्हरची नावे दाखविते, त्यांत असे जुने पाहुणे उजेडात येतात. तेही वरीलच रीतीने काढावेत. मात्र जुन्या लिपीतील फायली युनिकोडमध्ये आणून झाल्या आहेत की नाही हे आधी पाहावे, नाहीतर कुलूप फेकून पेटी बंदच राहावयाची.

फुकट मिळणारे 'ड्रायव्हर दुरुस्त करून देणारे' व 'रजिस्ट्री साफ करणारे' कार्यक्रम शाळेच्या संगणकात आणू नयेत. ते शंभर दोष दाखवून पैसे मागतात, आणि जे काढू नये ते काढतात. कोठाराच्या फोल्डरात शिरून हाताने फायली पुसणे हेही तितकेच वाईट. फायली जातात, त्यांची नोंद राहते, आणि विंडोज नसलेल्या फायली शोधीत बसते. सी-डॅकचे बॉस किंवा उबुंटू यांसारखे लिनक्स ज्या शाळेत आहे तेथे हा व्याप बराच कमी. बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्याबरोबरच येतात व यंत्र नसले की निद्रिस्त राहतात. वेगळा बसविलेला ड्रायव्हर असेल तर तो ज्या पॅकेजने आला ते पॅकेज 'पर्ज' या आज्ञेने काढावे, म्हणजे त्याची मांडणीही जाते.

संगणकातून नाव गेले तरी जडसंग्रह नोंदवहीत ते असतेच. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत यंत्र शाळेत ठेवावे लागते आणि कोणी तरी ते पुन्हा जोडून पाहतो. म्हणून यंत्रावर चिठ्ठी लावून ड्रायव्हर काढल्याची तारीख लिहावी, आणि काढलेल्या गठ्ठ्याची प्रत कोणत्या डिस्कवर आहे तेही त्याच चिठ्ठीवर नमूद करावे. निर्लेखनानंतर ते फेरीवाल्याच्या तराजूवर घालू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावयास हवे; तालुक्यातील आठदहा शाळांनी आपली यंत्रे केंद्रशाळेत एकत्र केली तर त्यांची एक गाडी सहज भरते.